भरती जिथे संपते

गाव चांगलं की वाईट, हे ओळखायची ज्याची त्याची रीत असते. कुणी देऊळ बघतं, कुणी जमीन बघतं, कुणी नुसती माणसं. आवडाबाई तिथल्या विहिरीच्या पाण्याची चूळ भरायची. घोट तोंडात घोळवायची, डोळे मिटायची, मग एकतर गिळायची नाहीतर पच्चकन थुंकायची. आणि एकदा थुंकली की त्या गावाशी सोयरीक नाही. हळदीचं आमंत्रण आलं तरी पाय टाकायची नाही. सगुणाला सून करून आणली तीसुद्धा येऊरच्या पायथ्याच्या त्यांच्या विहिरीवर चूळ भरून. मुलीचं तोंड म्हातारीने त्यानंतर पाहिलं. आणि असं गोड पाणी चाखून आणलेली ही सून कोलशेतला आल्यापासून कमरेवर हंडा घेऊन गोड्या पाण्याच्या पाठी मैल मैल चालत होती, यात आवडाबाईला काही विचित्र वाटलं नव्हतं.

म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमेला परशुरामाच्या बिऱ्हाडासाठी जागा बघायला घर निघालं, तेव्हा निकाल कुणाच्या जिभेवर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निघाले तेही होडीने. ठाण्याहून गाडी होती, पण आवडाबाई गाडीत बसत नसे. "जी हाक मारून थांबत नाय तिच्यात मी बसनार नाय," असं ती म्हणे, आणि ठाण्याच्या बाजारात गेली तरी स्टेशनाकडे पाठ करून बसे. सत्तरी आली, तरी तिने तो शब्द मोडला नव्हता. थोरला काळुराम वल्ह्यावर, धाकटा परशुराम सुकाणूवर, मध्ये म्हातारी, आणि पुढच्या टोकाला परशुरामची बायको सगुणा आणि त्यांची अकरा वर्षांची जया. भरती लागली तसं पाण्यानेच त्यांना उचललं आणि वर न्यायला सुरुवात केली.

एका मिठागरावर दोन चुली पेटत नाहीत, हे भांडण दिवाळीतच संपलं होतं. परशुराम मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात लागला होता, एका सोबत्याच्या खोलीत पथारी टाकून राहत होता आणि रविवारचा घरी येत होता. आता बायको-पोरीला न्यायचं. कुठे न्यायचं, एवढंच उरलं होतं, पण त्यावरून घरात दोन तट पडले होते.

"मोहन्यात खोली हाय. भोंगा झाला की चालत कामावर," परशुराम पुन्हा एकदा म्हणाला. "मालक आजचा दिवस थांबलाय. उद्या दुसऱ्याला देनार."

"आनि आपली भरती कुठवर जाते?" काळुराम वल्हं न थांबवता म्हणाला. "कल्याणच्या बंदरापर्यंत. मिठाच्या दिसांत तुला हाक मारायची तर होडी घालून येऊ शकतो मी. भरतीच्या पल्याड गेलेला भाऊ पाहुना होतो, परशा. बाबा बोलायचे."

हे त्या घराचं जुनं शास्त्र होतं. लेकी दिल्या, सुना आणल्या, त्या भरतीच्या टप्प्यात. एका भरतीला निरोप पोचला पाहिजे आणि एका ओहोटीला माणूस परत आलं पाहिजे. त्यापलीकडचं जग म्हणजे त्यांच्या लेखी लंकाच.

सासू आणि थोरला दीर यांच्यासमोर सगुणाने आजवर कधी आपणहून तोंड उघडलं नव्हतं. पण मनात ती दिराच्या बाजूला होती, नवऱ्याच्या नव्हे. जया गावात चौथी झाली होती आणि पुढे गावात शाळा नव्हती. जूनपासून पोर घरी होती. जुन्या पुस्तकांना रद्दीचे पुठ्ठे घालून ती मागच्या दारी कोंबड्यांना धडे वाचून दाखवी. कोंबड्या ऐकत, निघून जात. जया वाचत राही. ते वाचणं आतून ऐकताना सगुणा चूल फुंकायची विसरे. मोहन्यात शाळा चौथीपर्यंतच होती, असं परशुरामनेच सांगितलं होतं. कल्याणात मुलींची शाळा होती, मॅट्रिकपर्यंत. म्हणजे कल्याण झालं तर पोर शिकणार, मोहने झालं तर पोर चुलीपुढे. सगुणाच्या दृष्टीने सगळा मामला एवढाच होता.

पारसिकच्या डोंगराशी आले तेव्हा डोंगराच्या पोटातून एकदम गाडी बाहेर आली आणि पाण्याच्या काठाकाठाने धडधडत गेली. जयाने हात हलवला. सगुणा तोंड उघडं टाकून बघतच राहिली. अख्ख्या डोंगरातून आरपार माणसं जातात आणि पलीकडे जिवंत निघतात, हे तिने ऐकलं होतं, पाहिलं आज. आवडाबाईने पाठ फिरवली.

"आजी, बघ तरी!"

"काय बगायचा? लोखंड ता लोखंड."

डोंबिवलीच्या बाजूला झाडांतून नवी कौलं दिसू लागली. काळुरामने सांगितलं, इकडे शिकलेली मंडळी वस्ती करतायत, मुंबईला कचेरीत जाऊन रोज परत येतात. रोज! सगुणाला ते खरंच वाटेना. मुंबई ही एकदा जाऊन आयुष्यभर सांगायची गोष्ट होती.

दुर्गाडीचा किल्ला पाण्यावर दिसला तसं काळुरामने होडी काठाला घेतली. बंदराच्या आळीत त्याचा मेहुणा महिपत राहत होता. त्याने मागची खोली मोकळी करून, सारवून ठेवली होती. जागा वाईट नव्हती. आवडाबाईने भिंतींकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ विहिरीवर गेली, चूळ भरली, डोळे मिटले.

आणि पच्चकन थुंकली.

"हे तर आपल्याच घरचा पानी," ती म्हणाली. "खारट. इतक्या लांब येऊन परत कोलशेतातच उतरलो का काय?"

काळुराम कसनुसं हसला. "पानी काय, नळ येनार हाय म्हनतात. जागा बग ना आये. महिपतच्या घरात चार ल्हान पोरा हायत. जया हाय म्हटल्यावर त्याच्या बायकोला आधार होईल. पोर घरातच कामाला लागंल, लांब कुठं जायला नको, डोळ्यांसमोर राहील."

त्याने हे वाईट बुद्धीने म्हटलं नव्हतं. काळुराम देवमाणूस होता. पुतणीसाठी बाजारातून रेवड्या आणल्याशिवाय तो कधी घरी आला नव्हता. पण सगुणाच्या पायाखालची वाळू सरकली. ज्याच्या होडीत ती मनाने बसली होती, त्या होडीला बुडाशीच भोक निघालं. कल्याणात आलं म्हणजे शाळा मिळाली, असं धरून चालली होती ती. इथे तर दुसऱ्याची पोरं कडेवर मिळणार होती. जयाने आईकडे पाहिलं. सगुणाने मान खाली घातली, आणि आपण खाली घातली याचा तिला फार राग आला.

आवडाबाई पदराने तोंड पुसत होती. "ती पोरींची शाला का काय, कुठं हाय?"

"ती कशाला?" काळुराम म्हणाला.

"तिथं पोरी पानी पित असतीलच ना? मंग चाखून बगू. सगला कल्याण एवढ्या एका विहिरीवर थुंकायचा म्हंजे अन्याय होईल."

शाळेच्या व्हरांड्यात माठ होता. आवडाबाईने चूळ भरली, क्षणभर घोळवली आणि गिळली. "बरा हाय," ती म्हणाली. तेवढ्यात आतून शंभरेक पोरींचा आवाज एकदम उठला, पाढे म्हणणारा, एका सुरात. सगुणा उंबऱ्याशी खिळली. एवढ्या मुली तिने लग्नातसुद्धा एका जागी पाहिल्या नव्हत्या, आणि लग्नातल्या मुली गात होत्या त्या दुसऱ्यांच्या सुखाची गाणी. वर्गात एक बाई आल्या तशा सगळ्या मुली उभ्या राहिल्या. बाईमाणसाला बघून कुणी उभं राहतं, हेही ती आज पहिल्यांदा बघत होती.

त्या उत्तराबाई. नाकावर चष्मा, बोटांना खडू. दारात उभी असलेली ही मंडळी बघून त्या बाहेर आल्या. "या ना. कुणाला भेटायचंय?"

मग जयाच म्हणाली, "मी चौथी पास हाय."

"हो का? कुठल्या गावची गं तू?"

"कोलशेत."

उत्तराबाईंनी तिला आत नेऊन भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशापुढे उभं केलं. "दाखव बघू कुठे आहे."

कोलशेत नकाशावर लिहिलेलंच नव्हतं. जयाने ठाणे शोधलं, तिथून बोट सरकवत वर आणलं आणि निळ्या पट्ट्याच्या काठावर ठेवलं. "इथं असंल. लिहायला विसरले."

बाई हसल्या. आखूडशी पेन्सिल काढून त्यांनी तिथे ठिपका दिला आणि बारीक अक्षरात नाव घातलं. "आता नाही विसरणार. आणि ही निळी रेघ कसली?"

"आमची खाडी." जयाचं बोट रेघेवरून चालू लागलं. डोंबिवली, कल्याण, त्याच्याही पुढे. रेघ बारीक होत गेली, तिला बाजूने आणखी बारीक रेघा येऊन मिळू लागल्या, आणि शेवटी ती डोंगराच्या करड्या रंगात हरवली. जया थांबली. बोट मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. "बाई, ही इकडनं सुरू होते. डोंगराकडनं. बारक्या रेघा मिलतात म्हनून ती मोठी होते. मोठीतनं बारकी कशी होईल?"

"बरोबर," उत्तराबाई म्हणाल्या. "ही उल्हास नदी. डोंगरातून निघते आणि तुमच्या दारावरून समुद्राला जाते."

"खोटा," दारातून आवडाबाई म्हणाली.

वर्गातल्या माना तिच्याकडे वळल्या.

"खाडी दर्यातनं येते, बाय. सत्तर वर्सं मी तिच्या काठाला हाय. रोज दोन वेला दर्या तिला आत धाडतो, रोज दोन वेला परत बोलावतो. डोंगरातनं खारा पानी येईल का कधी? कागदाला काय कलतंय?"

उत्तराबाई रागावल्या नाहीत. "आजी, तुम्ही म्हणता तेही खरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण वर जाऊन बघा एकदा. आणि ही मुलगी..." त्यांनी सगुणाकडे पाहिलं, नेमकं सगुणाकडेच. "हिला घेऊन या. कधीही. मी बसवून घेते पाचवीत."

सगुणाला हो म्हणायचं होतं. तिच्या ओठावर तो शब्द आलाही. पण मागे दीर उभा होता.

बंदरावर परत येताना परशुराम तिच्या शेजारून चालत होता. "शाला चांगली हाय," तो हळूच म्हणाला. "मना कलतंय. पन मी काय करू, सगुणा? कामाची पाली रात्रीची आली तर कल्याणहून मोहन्याला कसा पोचू?" त्याचंही खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. त्या होडीत खोटं कुणाचंच नव्हतं.

भरती अजून चढत होती. कल्याणच्या वर काळुराम कधी गेला नव्हता; मोहने बघून यायचं म्हणून केवळ आईच्या शब्दाखातर त्याने होडी पुढे घातली. काठ जवळ आले. कांदळवन विरळ झालं आणि एकाएकी संपलं. त्याच्या जागी करंज, उंबर आणि हिरव्या भाजीचे वाफे थेट पाण्यापर्यंत उतरलेले. रेल्वेच्या पुलाखालून जात होते तेव्हाच वरून गाडी गेली. सगळं पाणी थरथरलं. आवडाबाईने डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि गाडी गेली तरी बराच वेळ काढला नाही.

मग ती एकदम म्हणाली, "थांब."

"काय झाला?"

"वल्हा उचल."

काळुरामने वल्हं उचललं. होडी उभी राहिली. पुढे जाईना, मागे येईना. सकाळपासून पोटाखाली ढकलत असलेलं ते पाणी जणू विचारात पडलं होतं. काळुरामलाही ते कळलं. चाळीस वर्षांत त्याच्या होडीखाली भरती नव्हती तर ओहोटी होती. काहीच नाही असं कधी झालं नव्हतं.

"भरती संपली," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वेल झाली म्हनून नाय. जागाच संपली तिची." त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि धाकट्याकडे पाहिलं. "हे बग परशा. ह्याच्या पुढं तुझ्याकडं मना कोन आननार?"

परशुरामने सुकाणू वळवून पाहिलं.

होडी हळूच मागे सरकू लागली. समोरून पाणी येत होतं. थोडं, संथ, पण येत होतं, डोंगराच्या बाजूने. आवडाबाई वाकली. तिने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. डोळे मिटले.

सगुणाला सासूचा फक्त गळा दिसत होता, सुरकुतलेला, आणि त्यातून घोट उतरताना दिसला. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी. म्हातारी पीत राहिली. जन्मभर ज्या खाडीचं पाणी पायाला लागलं तर चिरा पडत, डोळ्यांत गेलं तर आग होई, त्याच खाडीचं पाणी ती गाईसारखी पीत होती. शेवटी तिने ओले हात तसेच डोळ्यांना लावले.

"गोड हाय," ती म्हणाली.

मग तीच पुन्हा म्हणाली, स्वतःशी बोलावं तशी, "अगो बाय माझे! ही गोड व्हती. आपल्याकडं येता येता खारी झाली. आनि मी समजत व्हते, ही जन्माचीच खारी."

सगुणानेही हात बुडवला. कमरेवर हंड्याचा घट्टा पडलेल्या त्या बाईला, हंड्यात मावणार नाही, गावाला पुरून उरेल एवढं गोड पाणी नुसतं वाहत जाताना बघून रडूच आलं. आनंदाचं की संतापाचं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मोहन्याला होडी लागली तेव्हा कारखान्याचं धुराडं दिसलं. मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी त्याचा शेवट लागेना. पण आवडाबाईचं धुराड्याकडे लक्ष नव्हतं. ती अजून आपल्या ओल्या हातांकडे बघत होती. चाळीत शिरली, ती परशुरामने बघून ठेवलेल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिला आपलं दुसरं काम आठवलं. परशुराम रात्रपाळीला गेल्यावर इथे सून आणि नात एकट्या राहणार. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मिठागरावरून मिठागरावर घालतात तशी हाळी घातली.

"धाऽऽवा गोऽऽ!"

परशुराम मेल्याहून मेला झाला. "आये! काय करतेस?"

पण दारं धडाधड उघडली. पिठाच्या हातांची एक आली, डोक्याला तेल चोपडलेली एक आली, कडेवर पोर आणि हातात लाटणं घेऊन एक आली. "क्या हुआ? कौन गिरा?" एक ओरडली. कुणी तेलुगूत विचारलं, कुणी रत्नागिरीच्या हेलात. "काय झाला गो? साप हा?" एकीने पाण्याचा तांब्याच आणला होता. म्हातारीची भाषा त्यांतल्या निम्म्या जणींना कळली नव्हती. हाक मात्र सगळ्यांना कळली होती.

आवडाबाईने एकेकीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "काय नाय, बायांनो," ती म्हणाली. "घर बगायला आले व्हते. बगितला." आणि आणलेला तांब्या तिने घेऊन पिऊनही टाकला.

नदीच्या काठी उंबराखाली ती बसली आणि तिने निकाल दिला. "परशा, हीच जागा. पानी गोड हाय. माणसं हाकेला येतात. आनखी काय बगतात?"

परशुरामचा चेहरा उजळला. काळुराम पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. "म्हंजे गेला भाऊ भरतीच्या पल्याड," तो म्हणाला.

"येडा हायस. तुझी भरती वर येत नाय तर नको येऊ दे. हिचा पानी खाली येतंय ना? सगुणा इथं भांडी घाशील, ता पानी तुझ्या आगरात येईल. रोज येईल. त्याला तू बोलवायची पन गरज नाय." काळुराम वळला. त्याला हसू येत होतं आणि डोळे भरले होते.

सगळ्यांचं झालं होतं. मोहने ठरलं होतं. सगुणा उभी होती आणि तिला कळत होतं की आता आपण गप्प राहिलो तर हा उंबर, हे पाणी, हे धुराडं सगळं राहील, आणि जया कोंबड्यांना वाचून दाखवील.

"आत्या," ती सासूला म्हणाली.

आवाज इतका फुटका निघाला की तिलाच तो आपला वाटला नाही. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"जागा चांगली हाय. मना पन आवडली. पन जयेची शाला कल्याणात हाय. तिची शाला जानार असंल तर... तर मना ह्यो गोड पानी नको. मी खारा पिईन." या वेळी तिने मान खाली घातली नाही. "मी तुमच्यासमोर कवा बोलले नाय. आज बोलते. पोरीला शाला पायजे."

"अगं, पन कशी जाईल?" परशुराम म्हणाला. "इथल्या आंबिवली स्टेशनावरनं गाडीनं कल्याण. पोरीची जात, रोज एकटी? मी पालीवर, तू घरात. वाटंत काय झाला तर?"

"तेच म्हनतो मी," काळुराम म्हणाला. एवढा वेळ भांडलेले दोघे भाऊ एका क्षणात एका बाजूला झाले. "शिकून काय करनार हाय ती?"

आवडाबाईने हात वर केला.

"काय करनार?" ती म्हणाली. "कालू, तू चालीस वर्सं होडी हाकलीस. मी सत्तर वर्सं ह्या पान्यावर जगले. आपल्या दोघांना कधी कलला का, ही कुठनं येते? मना तर ओंजल तोंडाला लावली तवा कलला. आनि ह्या पोरीनं..." तिने जयाचा हात धरून तिला पुढे ओढलं. "ह्या पोरीनं भिंतीवर बगून सांगितला. एक थेंब चाखला नाय. मी तिला खोटी बोलले, चार पोरींच्या देखत." म्हातारीचा आवाज खाली आला. "जी शाला चाखल्याबिगर पान्याची चव सांगते, ती पोरीला पायजे. झाला."

"आनि गाडी?" परशुराम म्हणाला. "सोबतीला कोन?"

"मी हाय ना."

कुणाला आधी कळलंच नाही. मग काळुराम म्हणाला, "आये, तू? तू गाडीत?"

"का? मना पाय नायत? मी इथं ऱ्हाते. सकाली सोडीन, तिथं शालेच्या माठाशी बसेन, संध्याकाली आनीन."

"आनि आगर?"

"आगर तुझा. मीठ तुझ्या हातनं पन पिकतंय." असं म्हणून ती उठली, पण उंबराचं खोड तिने सोडलं नाही. सगुणाने पाहिलं. "आजच बगू या," आवडाबाई घाईने म्हणाली. "उद्यावर टाकला तर माझा जीव मागं फिरंल. तुमी दोघा होडी घेऊन कल्याणला या. आमी गाडीनं येतो."

आंबिवलीच्या फलाटावर दुपार कलली होती. गाडी आली तशी म्हातारीने जयाचं मनगट असं धरलं की पोरीच्या हाताला वळ उठले. डबा बराचसा रिकामा होता. ती बाकाच्या अगदी कडेला बसली, डोळे गच्च मिटले आणि गाडी हलताच कुलदैवताचं नाव घेऊ लागली. सगुणाला सासूचा एरवी धाक होता, पण आज प्रथमच तिला तिची माया आली. तिने सरकून आपला हात म्हातारीच्या पाठीवर ठेवला. म्हातारीने तो झटकला नाही.

मग आवाज बदलला. खाली पोकळी आली.

"आजी, पूल," जया म्हणाली. "आजी, बघ. डोळे उघड ना."

"नको."

"आपली होडी हाय खाली."

आवडाबाईने डोळे उघडले. खूप खाली ती होती, त्यांची खाडी, म्हातारीच्या तळहाताएवढी रुंद, उन्हात चमकत डोंगराकडून येणारी आणि दोन्ही बाजूंनी दिसेल तिथवर गेलेली. इतकी सगळी एकदम तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या काठावर सत्तर वर्षं राहून पाहिली नव्हती. मधोमध बोटाएवढी होडी, तिच्यात तिचे दोघे मुलगे, आणि उभा राहून वर बघणारा काळुराम.

"कालूऽऽ!" तिने खिडकीतून हाळी घातली.

पुलाच्या धडधडीत ती कुठल्या कुठे गेली. गाडी थांबली नाही. काळुराम मागे पडला, पूल संपला, झाडं आली.

आवडाबाई गजाला धरून मागे बघत राहिली. मग तिने जयाचं मनगट सोडलं आणि त्यावरचे वळ आपल्या खरखरीत अंगठ्याने चोळले. "नाय थांबत ही," ती म्हणाली.

"नाय," जया म्हणाली.

"बरा हाय. शालेला उशीर नाय व्हायचा." आणि तिने सगुणाला आपल्या शेजारी, खिडकीशी, जागा करून दिली.